ताई, मी अजून ख्रिस्ती आहे का?

पत्र:

ताई, सलाम. मी २६ वर्षांचा, खराडीला आयटीत आहे, घर नगर जिल्ह्यात. बाबा चर्चच्या कमिटीत, आई महिला मंडळात, पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी आजीला कॅन्सर झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी उपास केले, रात्र रात्र प्रार्थना केल्या. बाहेरून एक प्रार्थनावाले आले, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून ही बरी होणार असं सांगितलं. ती गेली. नंतर तेच म्हणाले की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला. मला वाटलं, माझाच. मग मी वाचायला लागलो, व्हिडिओ बघायला लागलो. उत्पत्तीत निर्मितीच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, मार्कच्या शेवटच्या ओळी सगळ्यात जुन्या प्रतींमध्ये नाहीतच. आता प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. घरी गेलो की चर्चमध्ये गातो आणि स्वतःचीच लाज वाटते. आता बाबा म्हणतायत नाताळनंतर संडे स्कूल तू घे, आणि मंडळीतल्याच एका मुलीचं स्थळ पण आलंय. घरी सांगू का? नाही सांगितलं तर मी खोटा, सांगितलं तर बाबा खचतील. मी अजून ख्रिस्ती आहे का?
– थोमा

उत्तर:

थोमा, सलाम रे.

तुझं पत्र बरंच मोठं होतं, इथे छापताना कमी केलंय. पण मूळ पत्रात हस्तलिखितं, उत्क्रांती आणि ते डिबेटचे व्हिडिओ यावर सगळ्या मिळून आठ-दहा ओळी आहेत आणि आजीवर दीड पान आहे. शेवटच्या आठवड्यात तू तिला चमच्याने पाणी पाजत होतास, ती तुला तुझ्या बाबांच्या नावाने हाक मारत होती, आणि तू उशाशी बसून मनात देवाला म्हणत होतास की माझी पाच वर्षं घे पण हिला ठेव. म्हणून मी पण आजीपासूनच सुरू करते, बाकीचं नंतर बघू.

त्या माणसाने जे सांगितलं ना, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला, ते चूक होतं, आणि मी हे सौम्य करून सांगणार नाही. मेलेल्या माणसाच्या घरात जाऊन जिवंत माणसांच्या गळ्यात असा दगड बांधायचा अधिकार कुणालाच नाही. आणि ज्या पवित्र शास्त्राच्या नावाने तो हे बोलला तेच शास्त्र त्याच्या विरुद्ध उभं आहे. योहानाचा नववा अध्याय काढ. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं, आणि येशू म्हणतो, ना याचं ना त्यांचं. हो, तो माणूस पुढे बरा झाला आणि तुझी आजी नाही झाली, ते मी लपवत नाही. पण येशूला पकडलं त्या रात्रीची गेथशेमानेची बाग आठव. हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे अशी प्रार्थना तिथे स्वतः येशूने केली आणि प्याला दूर झाला नाही. प्रार्थना फळली नाही म्हणजे विश्वास कमी पडला असाच हिशोब असेल तर मग त्या रात्री कुणाचा विश्वास कमी पडला होता? हा प्रश्न त्या प्रार्थनावाल्यांना कुणीतरी विचारायला पाहिजे होता, तुझ्या घरात तेव्हा तेवढं त्राण कुणाला नव्हतं हे मला समजतं.

आणि ईयोब. ईयोबाचं पुस्तक आपल्याकडे सहनशीलतेचा धडा म्हणून शिकवतात, पण ते उघडून वाच, तो माणूस अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो, जन्मलो तो दिवस जळो म्हणतो, कोर्टात उभं राहिल्यासारखा जाब मागतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणतात. आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही बोललात असं त्यांना सांगतो. दोन वर्षं तू स्वतःला गुन्हेगार समजत आलायस, त्याआधी हा बेचाळिसावा अध्याय तुला कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

आता ते उत्पत्ती आणि मार्कचं. तू वाचलंस ते बरोबरच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस सगळ्यात शेवटी होतो आणि दुसऱ्यात झाडंझुडपं उगवायच्या आधीच. मार्क १६ मधली नववी ओवी आणि पुढचं सगळं चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या प्रतींमध्ये, सिनाईटिकस आणि व्हॅटिकनसमध्ये, नाही. पण बाळा, हे कुणी दडवून ठेवलेलं नाहीये रे, सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार होतात तिथे, गेलेल्या मुलांना हे शिकवतात. व्यासपीठावरून सांगत नाहीत ही आपल्या मंडळ्यांची चूक आहे, मोठी चूक आहे, कारण मग तुझ्यासारखा मुलगा रात्री दोन वाजता मोबाईलवर हे पहिल्यांदा ऐकतो आणि त्याला वाटतं आपल्याला लहानपणापासून फसवलं. तू खराडीत राहतोस, नगर रोडवरच रामवाडीला पेपल सेमिनरी आहे, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, एक कॅथलिकांची आणि एक आपल्या प्रोटेस्टंट बाजूची. कुणातरी शिकवणाऱ्या माणसाची वेळ माग आणि प्रश्न वहीत लिहून घेऊन जा. तिथे तुझं समाधान होईलच असं मी म्हणत नाहीये. पण वीस मिनिटांच्या व्हिडिओत ज्याला जिंकायचंय अशा माणसाकडून उत्तर उसनं घेऊ नकोस, मग तो देव आहे म्हणणारा असो नाहीतर नाही म्हणणारा. दोघंही तुला घाई करतात.

घाईवरून मला पंडिता रमाबाई आठवतात. तुला वाटतंय की प्रश्न विचारणारा ख्रिस्ती म्हणजे अर्धवट ख्रिस्ती, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, तिथल्या अँग्लिकन सिस्टरांकडे त्या राहत होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच गेलेला, पदरात छोटी मनोरमा, परका देश, आणि राहणं-खाणं-शिकणं सगळं त्या सिस्टरांच्या आधाराने. अशा वेळी कुणीही मान खाली घालून हो म्हणालं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा त्रैक्याचा सिद्धांत मला पटत नाही, चमत्कारांबद्दल माझे प्रश्न आहेत, हे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनना आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या मिस बील यांना पत्रांतून सरळ कळवलं. मनोरमेला धर्मातलं काय शिकवायचं आणि काय नाही यावरूनसुद्धा वाद झाला. तू अहंकारी झालीस, आज्ञा पाळत नाहीस असं त्यांना ऐकावं लागलं. त्यावर त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता लगेच तसलंच दुसरं जू घ्यायला मी तयार नाही. बाप्तिस्मा घेऊन दोनच वर्षं झालेली बाई हे लिहीत होती, थोमा.

आणि पुढे? पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो नंतर भेटला, भारतात परत आल्यावर. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ-एक वर्षं ही बाई शोधतच होती, आणि त्या शोधातच तिने शारदासदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं, पुण्यातल्या लोकांचे शिव्याशाप खाल्ले. आधी सगळं पटू दे मग कामाला लागते असं तिने म्हटलं नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं आणि उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळातून मराठीत आणायला बसल्या, १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत तेच काम चाललं होतं. ज्या पुस्तकाबद्दल प्रश्न होते ते टाकून न देता त्याची मूळ भाषा शिकायला बसणं, हे मला फार मोठं वाटतं. केडगाव तुझ्यापासून लांब नाही, दौंडच्या अलीकडेच, एखाद्या शनिवारी जाऊन ये.

आता बाबा. बाबांचा विषय अवघड आहे कारण बाबांसाठी हा फक्त विश्वासाचा प्रश्न नाहीये. तू पणजोबांचा उल्लेख केलास. आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ ला आलं, आणि त्या काळात अस्पृश्य मानलेल्या आपल्या लोकांना पाटीला हात लावायची मुभा नव्हती, विहिरीवर जायची मुभा नव्हती. मिशनची शाळा म्हणजे अक्षर आणि अक्षर म्हणजे माणूसपण. याच नगरला मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचं ट्रेनिंग घेतलं. आणि तेव्हापासून आजपर्यंत गावात टोमणा एकच, पोटासाठी बाटले. तुझ्या आजोबांनी तो ऐकला असणार, बाबांनी पण ऐकला असणार. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती म्हणून राहिलं की अनुसूचित जातीची सवलत नाही, जात तीच, हाल तेच, पण कागदावर काही नाही. तू लिहिलंयस की बाबांनी दाखल्यावर ख्रिस्तीच ठेवलं आणि त्यापायी नोकरी हुकली. तेव्हा तू म्हणशील, मला आता विश्वास वाटत नाही, आणि त्यांना ऐकू येईल, तुम्ही जे सोसलं ते फुकट गेलं, गाव म्हणत होतं ते खरं होतं. तुझ्या तोंडचं वाक्य आणि त्यांच्या कानात पडणारं वाक्य वेगळं असणार आहे, हे बोलायच्या आधी डोक्यात ठेव.

म्हणून सांगायचं झालं तर सुरुवात तिथून कर. पणजोबांनी जे केलं त्याचा मला अभिमान आहे, तुम्ही जे सोसलं ते मी विसरणार नाही, आपलं नाव मी टाकत नाहीये, असं आधी. मग आजी गेल्यापासून मला प्रार्थना करता येत नाहीये, असं. हे दुसरं वाक्य खरं आहे ना? मग तेवढंच बोल. देव नाही असा निकाल तुझ्याजवळ अजून आलेलाच नाहीये, तुझं पत्रच तसं सांगतंय, तर मग नसलेला निकाल जाहीर कशाला करायचा. जेवढं खरं माहीत आहे तेवढंच सांगणं हा खोटेपणा नाही. आणि आईला आधी सांग, स्वयंपाकघरात, ती एकटी असताना. आई बऱ्याचदा ओळखून असते. तू लिहिलंयस की गेल्या ईस्टरला प्रभुभोजनाच्या वेळी तू बाहेर जाऊन उभा राहिलास आणि ती घरी येऊन काहीच बोलली नाही. काहीच बोलली नाही म्हणजे तिला कळलंय रे.

सांगायला उशीर करू नकोस, दुसऱ्याच्या तोंडून तर कळूच देऊ नकोस, आणि यासाठी आपल्याच इतिहासातली एक जखम सांगते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या, त्यांना ही बातमी इतरांकडून कळली. त्यानंतरची ती वर्षं, नवरा एकीकडे बायको दुसरीकडे, त्या बाईने कशी काढली ते महाराष्ट्राने त्यांच्या स्मृतिचित्रांत वाचलंय. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला, टिळकांनी ओढलं म्हणून नाही. टिळकांना मी फार मानते, आमच्या घरी उपासनेत त्यांची पदं गाऊनच आम्ही मोठे झालो, पण इतकी मोठी गोष्ट घरच्या माणसाला दुसऱ्याकडून कळावी हे मला आजही बरोबर वाटत नाही. तुझ्या बाबांना हे तुझ्या रूममेटच्या स्टेटसवरून किंवा मंडळीतल्या कुणाकडून कळलं तर जे तुटेल ते जोडायला फार वर्षं जातील.

याच टिळकांचं आणखी एक सांगते. १९१७ ला त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघंही येशूचे शिष्य म्हणून एकत्र. बावीस वर्षं मिशनमध्ये काढलेला माणूस म्हणतोय की ही चौकट मला पुरत नाही. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापर्यंत आलो असंही तेच म्हणायचे. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण ही रेघ आपल्याच मोठ्या माणसांनी पुसून पुन्हा काढलेली आहे.

संडे स्कूलला मात्र नाही म्हण. इथे मी ठाम आहे. चर्चमध्ये उभं राहून गाणं यात मला पाप दिसत नाही, ती गाणी तुझ्या आजीची आहेत, तिच्या आवाजात तू ती शिकलास, ती गायला तुला कुणाच्या परवानगीची गरज नाही, लाज तर अजिबात वाटून घेऊ नकोस. पण सात वर्षांच्या पोरासमोर उभं राहून जे तुला स्वतःला पटत नाही ते पटल्यासारखं सांगायचं, ते पोर वर मान करून तुझ्याकडे बघतंय, तिथे खोटेपणा सुरू होतो आणि तो तुला आतून खाईल. बाबांना म्हण, या वर्षी नाही जमणार. हवं तर चर्चचा हिशोब बघ, साउंड सिस्टीम बघ, नाताळचं डेकोरेशन बघ, काम पुष्कळ असतं.

आणि ती मुलगी. तिच्याबद्दल तू सगळ्यात कमी लिहिलंयस, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. बाबांच्या आधी तिला कळायला पाहिजे. बघण्याचा कार्यक्रम, फोटो, पाहुणे हे सगळं पुढे जायच्या आत तिला एकटीला भेट आणि आहे तसं सांग, की मी शोधतोय, कुठे पोचेन मला माहीत नाही, कदाचित चर्चमध्ये येईन कदाचित नाही, पोरांच्या बाप्तिस्म्याचं काय ते पण आज सांगता येत नाही. ती श्रद्धेने वाढलेली मुलगी असेल तर तिला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक पाहिजे, आणि कुणास ठाऊक, तिच्याही मनात काही असेल जे तिला कुणी विचारलेलं नाही. ते काहीही असो, लग्न झाल्यावर तिला कळणं हा अन्याय होईल, आणि तो तुझ्याकडून होऊ नये.

राहिला शेवटचा प्रश्न, मी अजून ख्रिस्ती आहे का. तू सही थोमा म्हणून केलीस, तर त्या थोमाचंच बघ. सगळे त्याला दोष देतात की येशू मेलेल्यांतून उठला यावर त्याने खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हटलं. पण योहानाने एक बारीक गोष्ट लिहून ठेवलीय, आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. आठ दिवस रे. बाकी दहाजण आनंदात, आम्ही प्रभूला बघितलं म्हणतायत, आणि हा एकटा म्हणतोय मला पटत नाही, तरी त्यांनी त्याला बाहेर काढला नाही आणि तोही उठून गेला नाही. त्या आठ दिवसांत तो शिष्य होता की नव्हता? मला तर वाटतं होताच. तुझे आठ दिवस दोन वर्षांचे झालेत, आणखी दहा वर्षांचे होतील, मी काही सांगू शकत नाही.

आणि तू परत येशीलच असं खोटं आश्वासन मी देणार नाही. आम्ही दोघं भावंडं, एकाच घरातली, एकाच संडे स्कूलची. माझं तान्हं बाळ गेलं तेव्हा तीन वर्षं मी चर्चमध्ये नुसती बसायचे, ओठ हलायचे नाहीत, आणि मग हळूहळू, कसं ते मला नीट सांगता पण येत नाही, मला पुन्हा प्रार्थना करता यायला लागली. माझा भाऊ कॉलेजात असताना सुटला तो सुटलाच, आज साठीचा आहे, देव मानत नाही. माझ्या ओळखीतला सगळ्यात सरळ माणूस तोच आहे, एक रुपया इकडचा तिकडे केला नाही कधी. आमची आई त्याच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि त्याला त्याबद्दल एका शब्दाने बोलायची नाही. ती गेली तेव्हा कबरस्तानात तिचं आवडतं गीत लावून धरायला पाळकसाहेबांना कुणी मिळेना, आम्ही सगळ्या रडत होतो, तर त्याने म्हटलं, चारही कडवी, पाठ. त्याला कुणी विचारलं नाही की तू ख्रिस्ती आहेस का.

तर आता एवढं कर. आधी त्या मुलीला भेट. मग दिवाळीच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा आईशी बोल, बाबांशी लगेच दुसऱ्या दिवशी, नाताळपर्यंत थांबू नकोस, नाताळात घर भरलेलं असतं आणि भरल्या घरात असलं बोलणं होत नाही. आणि तू लिहिलंयस की आजीला पुरल्यापासून तिच्या कबरीवर गेलेलाच नाहीस, पाय धजावला नाही. तिकडेही जा. पावसाळा नुकताच सरलेला असेल, गवत गुडघ्याएवढं वाढलेलं असेल, घरून विळा घेऊन जा आणि बाबांना बरोबर ने. प्रार्थना करता आली नाही तर करू नकोस, गवत काढ. कशी भेट झाली, काय बोलणं झालं ते मला कळव, मी वाट बघते.

तुझी ताई